मनाचा त्रास आणि योग: आमच्या नाशिकच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडच्या आमच्या छोट्या वर्गात पूर्वी लोक पाठ, गुडघे आणि वजन घेऊन यायचे. आता मनाचा त्रास घेऊन येणारेही पुष्कळ आहेत. कुणाला झोप नाही, कुणाच्या घरचं माणूस गेलंय, कुणाला काही कारण नसताना धडधडतं. यातले बहुतेक प्रश्न सगळ्यांसमोर विचारले जात नाहीत. चपला घालताना हळूच विचारले जातात, नाहीतर रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. हे वाचून कुणी चालू उपचार थांबवू नयेत. डॉक्टरांकडे कधी जायचं, तेही खाली लिहिलं आहे.

योगाने मन खरंच शांत होतं, की नुसतं अंग मोकळं होतं?

मन शांत होतं, पण त्या शांततेबद्दल आधीच थोडं बोललेलं बरं. येणाऱ्या अनेकांना वाटतं की महिनाभर आसनं केली की दुःख वाटेनासं होईल, राग येणार नाही, कुणाच्या बोलण्याचं काही वाटणार नाही. तसं होत नाही आणि होऊही नये. साहेबांनी चारचौघांत झापलं तर वाईट वाटणारच. फरक पडतो तो पुढच्या दोन क्षणांत. आधी तोंडातून शब्द निघून जायचा, किंवा तीच गोष्ट रात्रभर डोक्यात घोळत राहायची. सराव झाला की छाती आवळली आहे, श्वास वर अडकला आहे हे लगेच कळतं. कळलं की तो सोडता येतो. सुरुवातीला हाती लागतं ते एवढंच, आणि ज्याने वर्षानुवर्षं या आवळण्यात काढली आहेत त्याला एवढंही फार मोठं असतं.

शरीर हलवून मनावर परिणाम कसा होतो?

हे स्वतःच्या हातावर बघता येतं. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला उजव्या हाताची दोन बोटं ठेवा आणि नाडी सापडू द्या. आता सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. तीन-चार श्वासांनंतर बऱ्याच जणांना जाणवतं, की श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सोडताना लांबतात. मेंदूकडून छाती-पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची मज्जातंतू आहे, तिचा हा परिणाम. श्वास सोडताना तिचं काम वाढतं आणि हृदयाचा वेग उतरतो. घाबरलेल्या माणसाला ‘शांत हो’ म्हणून तो शांत होत नाही, कारण मनाला थेट हुकूम देता येत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि ठरवूनही चालवता येतो. आम्ही सगळं शिकवणं सोडलेल्या श्वासापासून सुरू करतो ते यासाठी.

योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी हे नेमकं पकडलं आहे. योगसूत्रांच्या पहिल्या पादात, म्हणजे भागात, चित्त विचलित झालं की सोबत काय येतं ते सांगितलंय: दुःख, मनाची खिन्नता, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वास. दोन गोष्टी मनाच्या, दोन शरीराच्या, आणि चारही एकाच सूत्रात. पुढे उपाय सांगताना ३४वं सूत्र श्वास बाहेर सोडण्याचं आणि तो थोपवण्याचं आहे. थोपवणं नंतर, तेही शिक्षकासमोर. सोडणं आजपासून.

महाराष्ट्राला या बाबतीत अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो ते उपकरणं लावून मोजायला घेतलं. श्रद्धेच्या विषयाला मोजपट्टी लावणं त्या काळात सोपं नव्हतं.

शवासनात रडू येतं. काही चुकतंय का?

काही चुकत नाही. दिवसभर आपण जबडा, खांदे, पोट धरून ठेवतो. ते सुटलं की त्यांच्यासोबत धरून ठेवलेलंही बाहेर येतं. आमच्या वर्गात कुणी रडलं तर आम्ही धावत जाऊन विचारपूस करत नाही. शेजारी रुमाल ठेवतो आणि दिवा थोडा मंद करतो. वर्ग सुटल्यावर बोलावंसं वाटलं तर आम्ही थांबतोच.

फक्त एक बघा. रडून झाल्यावर हलकं वाटत असेल तर ते बरंच. पण प्रत्येक वेळी रडणं थांबतच नसेल, नंतर दिवसभर हातपाय गळून गेल्यासारखे होत असतील, किंवा जुनी एखादी भयंकर घटना पुन्हा घडतेय असं वाटत असेल, तर पाठीवर पडून डोळे मिटणं तूर्त बंद करा. बसून, डोळे उघडे ठेवून सराव करा आणि समुपदेशकाला भेटा. शवासन कुठे पळून जात नाही.

घरचं माणूस गेलंय. अशात योग करावा का? सुतकात चालतो का?

नाशिककरांना हा प्रश्न वेगळ्याच रीतीने माहीत असतो. रामकुंडावर रोज कुठून कुठून लोक अस्थी घेऊन येतात. दशक्रियेला घाटावर बसलेली कुटुंबं आपण येता-जाता पाहतो. त्या दिवसांत माणसाला एक आधार असतो: सतत काहीतरी करायचं असतं, कुणीतरी सांगणारं असतं, घर भरलेलं असतं. तेराव्यानंतर पाहुणे जातात आणि मग मागे राहिलेल्या माणसाचं खरं सुरू होतं. आमच्याकडे लोक येतात ते साधारण तेव्हा.

सुतकाचे नियम ज्याने त्याने घरच्या रीतीप्रमाणे पाळावेत. आसनं राहू द्या हवी तर. पण श्वास सावकाश सोडायला कुठल्याही घरात हरकत नसते. पहिल्या काही दिवसांत ध्यानाला मुळीच बसू नका. डोळे मिटले की तो दवाखाना, तो फोन, ती शेवटची रात्र, हेच समोर येतं. त्यापेक्षा पाठीवर पडून पाय भिंतीला टेकवा, कमरेखाली उशी घ्या, पोटावर हात ठेवा आणि दहा मिनिटं तसंच पडून राहा. संध्याकाळी कुणाला तरी बरोबर घेऊन चाला. दोन वेळा जेवा. भूक नसली तरी भात-वरण का होईना, पोटात जाऊ द्या. गीतेच्या सहाव्या अध्यायात दुःख हरण करणारा योग कुणाला साधतो, तर ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जागणं बेताचं आहे त्याला, असं म्हटलंय. शोकात सगळ्यात आधी मोडतं ते हेच.

एक काकू वर्गाला यायच्या. शवासनात सगळ्यांचे तळवे वर उघडे असायचे, यांच्या मुठी मात्र मिटलेल्या, अंगठा आत दाबलेला. हात सैल सोडा असं आम्ही एकदाही म्हटलं नाही. प्रत्येक मुठीखाली फक्त नॅपकिनची घडी ठेवायचो. बरेच दिवस तसंच चाललं. मग एका सकाळी उजवी मूठ उघडली, आणि डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत ओघळलं. नंतर चहा घेताना म्हणाल्या, यजमान गेल्यापासून बँक, पेन्शन, रेशनकार्ड, मुलीचं सासर यात रडायला वेळच मिळाला नव्हता. त्यांना आम्ही काही वेगळं शिकवलं नव्हतं. रोज तीच आसनं, तोच श्वास, आणि कुणीही घाई करत नाही अशी जागा.

शोकाला मुदत नसते, पण सहा-आठ महिने उलटूनही रोजचं काम जमत नसेल, ‘मलाही जायचंय’ असं मनात येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. दुसरी गोष्ट मनात येत असेल तर महिने मोजत बसू नका, त्याच दिवशी जा.

डोळे मिटले की घाबरल्यासारखं होतं. मला योग जमणार नाही का?

जमेल. डोळे उघडे ठेवा. ध्यान म्हणजे डोळे मिटून मांडी घालून बसणंच, असं आपण उगाच धरून चालतो.

सर्वांत आधी, छातीत दुखणं, दम लागणं, डाव्या हातात कळ असं पहिल्यांदाच होत असेल तर योगवर्गाच्या आधी डॉक्टर आणि ईसीजी. भीतीचा झटका आणि हृदयाचा त्रास बाहेरून सारखे दिसू शकतात. हृदय ठीक आहे असं कळल्यावर मग आमच्याकडे या.

अशा माणसाला आम्ही उभ्या आसनांनी सुरुवात करून देतो. ताडासन (ताठ उभं राहणं), वीरभद्रासन (एक पाय पुढे घेऊन गुडघ्यात वाकवणं), भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं. पायांत ताकद लागली, तळव्याखाली फरशी लागली की ‘मी इथे आहे, आत्ता काही होत नाही’ हे अंगाला आधी कळतं, मनाला मागून. नजर समोरच्या एका ठिकाणी. काही जणांचं श्वासाकडे लक्ष दिल्यानेच घाबरणं वाढतं. त्यांनी श्वासाकडे बघणं सोडावं, पावलं मोजावीत किंवा भ्रामरीचा, म्हणजे ओठ मिटून केलेला भुंग्यासारखा, गुंजारव ऐकावा.

यावर संशोधनही झालं आहे. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या आघातातून गेलेल्या आणि उपचारांना दाद न देणाऱ्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांनंतर योग करणाऱ्या गटातल्या निम्म्याहून थोड्या अधिक स्त्रिया आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराच्या (पीटीएसडी) निकषांत बसेनाशा झाल्या. ज्या गटाला फक्त आरोग्यशिक्षण दिलं होतं, त्यात हे प्रमाण साधारण पाचातल्या एकीचं होतं. अभ्यास लहान आहे, पण त्यातली पद्धत मला महत्त्वाची वाटते: हुकूम नाही, सक्ती नाही, ‘हवं असेल तर हात वर घ्या’ अशी भाषा.

आणि घाबरण्याची लाज बाळगू नका. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन सांगतो की गात्रं गळतायत, तोंडाला कोरड पडलीय, अंगाला कंप सुटलाय. एवढ्या मोठ्या योद्ध्याचं हे वर्णन आहे, आणि त्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग आहे.

रोज नेमकं काय आणि किती वेळ करायचं?

वीस-पंचवीस मिनिटं. रविवारी दीड तास आणि मग आठवडाभर काही नाही, यापेक्षा रोजची वीस मिनिटं कितीतरी बरी.

बसा किंवा खुर्चीवर टेका, आणि दोन मिनिटं काहीच बदलायला न जाता कुठे काय आवळलंय ते बघा: कपाळ, जबडा, खांदे, पोट. मग हात-गुडघ्यांवर येऊन मार्जारासन. श्वास घेताना पाठ खाली आणि छाती पुढे, सोडताना पाठ वर गोल. सात-आठ वेळा, श्वासाच्या चालीने. घाई करणारा माणूस इथे लगेच ओळखू येतो, कारण त्याची पाठ श्वासाच्या पुढे पळते. मग उभं राहून ताडासन आणि दोन्ही बाजूंना अर्धकटिचक्रासन (कमरेतून बाजूला वाकणं). खाली येऊन शशांकासन, म्हणजे टाचांवर बसून पुढे वाकणं. कपाळ जमिनीला लागत नसेल तर खाली उशी घ्या, कपाळाला काहीतरी टेकायला हवं. पाठीवर सेतुबंधासन (गुडघे वाकवून कंबर वर उचलणं) दोन-तीन वेळा, मग पवनमुक्तासन (गुडघे पोटाशी घेणं).

यानंतर बसून श्वास: मनात चार मोजेपर्यंत घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. पाच मिनिटं. सहा जमत नसेल तर तीन आणि चार. कोंडायचा नाही, ओढायचा नाही. मग भ्रामरी पाच वेळा, ओठ मिटलेले, दात सुटे. शेवटी पाच मिनिटं शवासन, गुडघ्यांखाली उशी, अंगावर चादर. चादर मुद्दाम सांगतोय. थंडीत, विशेषतः निफाडकडून वारा सुटतो त्या दिवसांत, उघड्या अंगाने पडलं तर स्नायू सुटण्याऐवजी आखडतात.

एखाद्या दिवशी एवढंही होत नाही. त्या दिवशी फक्त पाच मिनिटांचा श्वास करा.

कपालभाती मनासाठी चांगली ना? टीव्हीवर तर सगळं बरं होतं म्हणतात.

निरोगी माणसाला, नीट शिकून, माफक प्रमाणात कपालभातीने ताजंतवानं वाटतं. पण धडधड, घाबरटपणा, झोप न येणं हा त्रास असेल तर कपालभाती आणि भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास घेणं-सोडणं) नको. ज्याचं इंजिन आधीच तापलंय त्याने आणखी अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नसतो. वाढलेला रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, फिट्स, गर्भारपण, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन यांतही नको. काचबिंदू असेल तर डोकं खाली करण्याची आसनं नकोत. बायपोलर किंवा तीव्र मानसिक आजार असेल तर जोरकस प्राणायाम आणि तासन्‌तास ध्यान दोन्ही टाळा आणि डॉक्टरांना विचारूनच पुढे जा. सगळ्यांना सगळं चालतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

डिप्रेशनच्या गोळ्या सुरू आहेत. योग सुरू केल्यावर बंद करू का?

नाही. स्वतःच्या मनाने तर मुळीच नाही. या गोळ्या एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता आणि आजार उलटणं हे सगळं होऊ शकतं. बरं वाटायला लागलं की डॉक्टरांना सांगा. कमी करायच्या की नाही, किती आणि कधी, हे त्यांनी ठरवायचं. आमच्या वर्गातले कित्येक जण गोळी आणि योग दोन्ही घेतात आणि त्यात कमीपणा काही नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण ‘मन घट्ट कर’ म्हणत नाही.

खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात, आपल्या सिव्हिलमध्ये, मानसोपचार विभागात दाखवता येतं. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर आधी हा नंबर, मग घरचं माणूस, मग दवाखाना. योगवर्ग त्यानंतर.

द्राक्षबाग गारपिटीने झोपली, कर्ज अंगावर आहे. योगाने काय होणार?

निफाड, दिंडोरीकडचे भाऊ हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यात राग असतो, आणि तो रास्त आहे. छाटणीपासून पोराबाळासारखी सांभाळलेली बाग, थिनिंग (मणी विरळ करणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं) सगळं झालेलं, आणि तोडणीच्या तोंडावर अवकाळी. मण्यांना तडे जातात, व्यापारी फिरकत नाही. यावर आसन हा उपाय नाही. त्याला विमा, भाव, सरकारी मदत आणि सोसायटीचं कर्ज यांचीच उत्तरं लागतात. ‘मन शांत ठेवा’ असं शेतकऱ्याला सांगून हात झटकणाऱ्यांच्या रांगेत आम्हाला उभं राहायचं नाही.

तरी दादा, एवढं करा. रात्री दोनला डोळे उघडतात आणि हिशोब सुरू होतो, तेव्हा उठून बसा, पाय जमिनीला टेकवा आणि सावकाश वीस श्वास सोडा. त्या वेळी कुठलाच निर्णय घ्यायचा नाही, एवढं पक्कं ठरवा. झोप थोडी जरी परत आली तरी सकाळी बँकेत, कृषी कार्यालयात बोलायला बळ राहतं. आणि घरच्यांना विनंती: माणूस गप्प गप्प झाला असेल, देणी-घेणी आवरायची भाषा करत असेल, तर फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या, त्याला एकटं सोडू नका आणि सरळ विचारा. विचारल्याने मनात नसलेलं येत नाही.

राग फार येतो. त्यासाठी कोणतं आसन?

रागासाठी खास आसन नाही. अंगातली तडफड निघून जायला आधी जोरात चाला, सूर्यनमस्कार घाला, मग श्वास. पण राग रोजच्या नात्यांतला असेल तर आसनाच्या पलीकडचं एक सूत्र मला सगळ्यांत जास्त उपयोगाचं वाटतं. पतंजलींच्या पहिल्या पादातलं ३३वं. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा, या भावनांनी चित्त प्रसन्न राहतं असं ते सांगतं.

हे चार शब्द घरी लावून बघा. शेजारच्या मुलाला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि आपल्याला कुठेतरी टोचलं: तिथे मैत्री. पेढा घेऊन आलेल्या वहिनींना दारातच न ठेवता आत बसवून चहा करायचा. जाऊबाई सारख्या आजारपणाचं सांगतात आणि कंटाळा येतो: तिथे करुणा. सोसायटीत कुणी मनापासून पाण्याच्या टाकीचं काम अंगावर घेतलं: तिथे मुदिता, म्हणजे खोड्या काढत न बसता ‘छान केलंत’ म्हणायचं. आणि ग्रुपवर रोज भांडण उकरणारे काका असतातच. तिथे उपेक्षा. उत्तर टाइप करायचं नाही. सुरुवातीला हे ओढूनताणून केल्यासारखं वाटतं. वाटू द्या.

एक मर्यादा मात्र स्पष्ट हवी. घरात मारहाण, अत्याचार होत असेल तर उपेक्षा हा त्याचा उपाय नाही. सोसायला बळ मिळावं म्हणून योग शिकवा, असं कुणी ताई म्हणाल्या की आम्ही आधी १८१ हा महिला मदतीचा क्रमांक देतो. जिवाला धोका असेल तर ११२.

सातपूर-अंबडला कारखान्यात शिफ्ट असते. झोपेचं खोबरं झालंय.

रात्रपाळी करून आल्यावर सूर्यनमस्कार, कपालभाती काही नको. शरीर जागं होईल आणि तुम्हाला झोपायचंय. हातपाय धुवा, हलकं खा, खिडकीला जाड पडदा लावा, पडल्या पडल्या पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका अवयवावर लक्ष फिरवा. योगनिद्रेचा हा सोपा भाग आहे. मध्येच झोप लागली तरी चालेल. आसनं झोपून उठल्यावर. शिफ्ट बदलते त्या आठवड्यात चिडचिड वाढते, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

मी हरिपाठ, जप करते. तो योगच ना? वेगळं करायला हवं का?

तुमचं उत्तम चाललंय. त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. नाथपंथाचा योग त्यांच्याकडून ज्ञानदेवांकडे आला आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठीत उतरला. तेच ज्ञानदेव हरिपाठही देतात. आपल्या मातीत योग आणि नाम कधी भांडले नाहीत.

इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी यांच्या गटाने २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो आणि हृदयाची लय सुधारते, असं त्यात दिसलं. आजी सांजवात लावून सावकाश म्हणायची त्यात हेच घडत असणार असं मला वाटतं. फक्त आकडा पुरा करायला भराभर म्हणू नका. दमात म्हणा आणि ओळ संपली की श्वास पूर्ण सुटू द्या. गुडघे-पाठीसाठी थोडी आसनं जोडा.

मी देव मानत नाही. / आमचा धर्म वेगळा आहे. चालेल?

चालेल. ॐ म्हणायचं नसेल तर नुसता ‘म’चा गुंजारव करा, किंवा गप्प बसा. वर्गात कुणीही विचारणार नाही.

थेट इगतपुरीला विपश्यनेला जाऊ का?

धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचं केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे हे आपलं भाग्यच. सत्यनारायण गोएंका यांनी तिथे १९७६ पासून शिबिरं चालवली आणि जगभरातून लोक येतात. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, दिवसाचे कितीतरी तास बैठक, आणि शुल्क नाही, शिबिरानंतर ऐच्छिक दान. अनेकांना त्यातून खूप मिळालं आहे. पण नुकताच मोठा धक्का बसला असेल, भीतीचे झटके येत असतील किंवा मानसिक आजाराचे उपचार चालू असतील, तर लगेच नको. अर्जात आजाराची माहिती विचारतात, ती लपवू नका. आधी काही महिने घरी रोज वीस मिनिटं बसायची सवय लागू द्या.

यूट्यूबवरून शिकलं तर?

साधी आसनं आणि सावकाश श्वास, हो. कुंभक (श्वास कोंडणं), बंध (गळा, पोट आवळून धरणं), शीर्षासन, नाही.

चांगला शिक्षक कसा ओळखायचा?

पहिल्या भेटीत तो तुमच्या आजारांबद्दल, औषधांबद्दल विचारतो का ते बघा. हात लावण्याआधी परवानगी घेतो का? ‘हे मला जमणारं नाही, डॉक्टरांकडे जा’ असं म्हणू शकतो का? एकवीस दिवसांत डिप्रेशन गायब, अशी हमी देत असेल तर उठून या. एकांतात बोलावणं, गुरूशी काही लपवायचं नाही म्हणून खाजगी गोष्टी काढून घेणं, घरच्यांपासून तोडणं, ही धोक्याची लक्षणं आहेत. २०२७च्या सिंहस्थासाठी नाशकात सगळीकडून माणसं येतील. त्यांत खरे साधकही असतील, पण दुःखी माणसाची नड ओळखून दुकान मांडणारेही असू शकतात, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवतोय.

आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र आहे का, ते विचारायला संकोच करू नका. नाशिकला या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. विश्वासराव मंडलिक यांनी १९७८ साली इथे योग विद्या धाम सुरू केलं. त्यांना २०१८चा पंतप्रधान योग पुरस्कारही मिळाला. आमच्याकडेच यावं असं अजिबात नाही. घरापासून चालत जाता येईल असा वर्ग शोधा, म्हणजे पावसाळ्यातही खाडा होत नाही.

घरात जागा नाही, शांतता नाही. कुठे करू?

कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, गोल्फ क्लबचं मैदान, गोदापार्क, सकाळी सहाच्या सुमारास कुठेही कोपरा मिळतो. पांडवलेणीच्या पायऱ्या सावकाश चढणं हासुद्धा श्वासाचा सुंदर सराव आहे, बोलता येईल इतक्याच वेगाने चढा. आणि घरात शांतता नसेल तर नसू दे. कुकरच्या शिट्ट्यांमध्येही श्वास सोडता येतो. घर रिकामं होईल तेव्हा करू असं म्हणणाऱ्या बायकांचं घर कधीच रिकामं होत नाही.

फरक कधी दिसेल?

त्या दिवशीचा हलकेपणा पहिल्याच दिवशी मिळू शकतो. स्वभावातला बदल सावकाश येतो, आणि तो बहुधा आधी घरच्यांना दिसतो: ‘आजकाल तू दार आपटत नाहीस.’ पतंजली म्हणतात, दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केलेला अभ्यास पक्का होतो. मिळालेली स्थिती टिकत नाही, हाही त्यांनी सांगितलेल्या नऊ विघ्नांपैकी एक आहे. त्यामुळे दोन महिने छान गेल्यावर एखादा आठवडा पुन्हा अंधारून आला, तर आपलंच काहीतरी चुकलं असं समजू नका. सराव कमी करा, पण सोडू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास, झोप-भूक उडालेली, कशातच रस नाही असं राहिलं तर डॉक्टर.

पहिल्या दिवशी काय घेऊन येऊ?

सुती सैल कपडे, एक चादर, एक छोटी उशी. चटई आमच्याकडे आहे. खाऊन तीन तास झालेले असावेत, चहा-बिस्किट अर्धा तास आधी चालेल. चालू औषधांची चिठ्ठी आणा. दहा मिनिटं लवकर या, म्हणजे इतर लोक येण्याआधी बोलता येईल. काय झालंय ते सगळं सांगायची गरज नाही. कुठलं आसन नको आणि हात लावलेला चालतो का, एवढं सांगितलं तरी पुरे. दाराजवळची जागा हवी असेल तर तीही सांगा, आम्ही तिथे चटई घालून ठेवतो.